पोथीचे दोन वाटे

‘सदरहू’ या शब्दावर जगदेवच्या टाकाचं टोक मोडलं आणि अर्जाच्या कागदावर हरभऱ्याएवढा डाग पडला. वाशिमच्या कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली, तो तेरा वर्षं अर्जनवीस म्हणून बसत होता. लोक भांडण घेऊन येत, तो त्याला कागदाची भाषा चढवून देई. टोकं काय, पुष्कळ मोडली होती. पण या खेपेला टाक बोटांत उगाच जोरानं दाबला गेला हे त्याचं त्याला कळलं, आणि ते त्याला आवडलं नाही. समोर केनवडचे बबनराव बसले होते. त्यांच्या सख्ख्या भावानं धुरा, म्हणजे वावराचा बांध, कोरून दोन हात जमीन आत घेतली होती, आणि ते दोन हात ते सकाळपासून हात फाकवून फाकवून दाखवत होते. त्यांच्या मागून सेवालाल आला. बैलांसाठी घेतलेले नवे दोर खांद्यावर तसेच ठेवून तो वाकला आणि म्हणाला, “उकंडरावभाऊनं निरोप देल्ला तुमाले. तुमच्याजोळचं लढाईचं भारत घेऊन रिठदले या म्हने.”

सेवालाल रिठदशेजारच्या तांड्यातला. जगदेवच्या थोरल्या भावाकडे, उकंडरावाकडे, सालदार होता. चौदा वर्षांत त्या घरून निरोप आलेच नाहीत असं नव्हतं. मयतीचे आले, लग्नाचे आले; जगदेव गेला, पंगतीत बसला, दिवस मावळायच्या आत परतला. पोथीचा निरोप मात्र कधी आला नव्हता. “काहून?” त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या ध्यानात आलं की कचेरीतलं ‘का’ तोंडात आलंच नाही. सेवालाल म्हणाला, “डोये चाल्ले त्यायचे. पडदा आला म्हनते. दारात बसून, पान उजेडाकडे धरून धरून वाचते. उरलेलं भारत आता तुमच्या तोंडून आयकून घेतो म्हने.” मग तो दोर सावरून बाजाराकडे निघून गेला. बबनराव म्हणाले, “लिहा नं मंग.” जगदेवनं नवं टोक लावलं आणि बबनरावांचा भाऊ किती लबाड आहे ते नेहमीच्या थंडपणानं लिहून काढलं.

आता ‘लढाईचं भारत’ म्हणजे काय, हे रिठदबाहेरच्या माणसाला सांगावंच लागेल. बापाजवळ महाभारताची प्राकृत पोथी होती, सुट्या पानांची, शिळाप्रेसवर छापलेली, दोन लाकडी फळ्यांत धरून रुमालात बांधलेली. बाप ती मारुतीच्या देवळात वाचायचा आणि तिथंच पेटीत ठेवायचा. कारण भारत घरात ठेवू नये, ठेवलं तर भावाभावांत लागते, हे गावात लेकरालाही ठाऊक. बाप गेला त्या वर्षी देवळाचं छत गळू लागलं. पोथी भिजेल म्हणून उकंडादादानं ती उचलून घरी आणली. आखाडात पोथी घरात आली आणि दसऱ्याला वाटणीचा विषय निघाला. पुढं काय विचारता? आळीतल्या साऱ्या बायांना एकदम शास्त्र कळलं. खरं तर पोथी येण्याआधीच दोन चुली मांडायचं चाललं होतं, पण ते कोण ध्यानात घेतो. पंच म्हणून बसलेल्या म्हाताऱ्या नानाजींनी निकाल दिला: वावराचे वाटे होतील, भांड्यांचे होतील, तसे पोथीचेही करा, पुरं भारत कोणाच्याच घरात नको. घर फुटून गेल्यावर ते फुटू नये म्हणून केलेली ही तजवीज होती. बापाचा लाल पटका मधोमध फाडून त्याचे दोन रुमाल केले, तो टर्र आवाज जगदेवला अजून ऐकू येई.

रिवाज असा की थोरल्यानं वाटे करावे आणि धाकट्यानं उचलावे. पृथ्वीवरची सगळी अक्कल या रिवाजात आहे असं नानाजी म्हणत. वाटे करणाऱ्याला उचलायचं नाही म्हटल्यावर तो लबाडी कशाला करील? उकंडादादानं वावराचे दोन वाटे केले. एका वाट्यात ओढ्याकाठची काळी जमीन, आणि पाण्याची इहीर सबंध. दुसऱ्यात वरची मुरमाड बरड आणि तिच्यातली आंब्याची चार झाडं. नानाजींनी भुवया उचलल्या. “उकंडा, इहीर एकाच वाट्यात काहून?” दादा म्हणाला, “इहिरीले कोन फाडते बापा.” सगळे जगदेवकडे बघायला लागले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्यानं काळी उचलली. पोथीचेही दोन ढीग समोर होते. पहिल्यात कुळांच्या जन्मापासून दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी राहीपर्यंत, दुसऱ्यात तिथून शेवटपर्यंत. दुसरा ढीग अंगानं मोठा होता. जगदेवनं तोही उचलला. कोणी काही म्हणालं नाही, आणि ते काही न म्हणणंच त्याच्या मनाला लागलं. वर्षभरात त्यानं काळी जमीन बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर, लावून दिली आणि तो वाशिमला येऊन लिंबाखाली बसला.

या गोष्टीचा त्यानं स्वतःपुरता अर्थ लावून ठेवला होता, आणि तो अर्थ चौदा वर्षं चांगला टिकला होता. दादानं आपल्याला पारखलं. भरल्या पंचांसमोर आपण लाजून बरड उचलू, मग गाव म्हणेल धाकटा किती गुणाचा, आणि काळी थोरल्याकडं राहील, अशी ती आखणी होती. आपण लाजलो नाही, एवढाच आपला गुन्हा. वाटे त्यानं केले होते, मी उचललं. वाक्य सरळ होतं. कोणत्याही कोर्टात टिकलं असतं. रात्रंदिवस भांडणं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचा एक अर्ज पाठ असतोच, तसा हा पाठ होता. फक्त तो कोणाला द्यायचा हे कधी ठरलं नव्हतं.

रोज सकाळी अंघोळ झाल्यावर तो आपल्या वाट्याचं भारत पाटावर सोडी आणि दोन पानं वाची. श्रद्धेनं म्हणावं तर तसं नाही, चहा घेतल्यासारखं. चौदा वर्षांत किती आवर्तनं झाली त्याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता. पहिल्याच पानावर शंख वाजत. तिथून माणसं मरायला लागत ती थेट हिमालयापर्यंत मरत राहत. अर्जनविसाच्या नजरेला त्यात अर्जदार आणि सामनेवाला असे दोन पक्ष दिसत, आणि दोन्हीकडचे पुरावे सारखेच कच्चे. बरं, हे लोक एकमेकांना ठार मारताना एकमेकांचे नातेसंबंध फार बारकाईनं सांगतात, याची त्याला गंमत वाटे. बाण मारायचा तोही आजोबाला नमस्कार पोचेल असा. लिंबाखाली येणारे लोकही तसेच बोलत; ‘माझा मोठा भाऊ, देवमाणूस’ असं म्हणून मग त्याच्यावर फौजदारी लिहायला सांगत. पण सेवालाल येऊन गेला त्या दुपारी एक साधी गोष्ट त्याच्या मनात प्रथमच आली, की आपल्या पोथीत हे लोक कधी लहान नसतात. ते आल्या आल्या चिलखत घालूनच उभे असतात. एका अंगणात खेळले, एका नदीत पोहले, एकाच गुरूच्या हाताखाली नेम धरायला शिकले, ती सगळी पानं रिठदला. बाप वाचायचा तेव्हा आपण ती ऐकली होती खरी, पण ऐकलेलं आणि रोज वाचलेलं यात फरक पडतो. आणि दादाच्या पोथीत? तिथं लढाई अजून व्हायचीच आहे. शिष्टाई चालू आहे, पाच गावं द्या म्हणून कोणीतरी हात जोडून उभं आहे, आई एका मुलाला भेटायला नदीवर चालली आहे. शेवटच्या पानाशी येऊन दादा रुमाल बांधत असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून काढत असेल. चौदा वर्षं तो माणूस अशा ठिकाणी बसला आहे जिथं अजून मिटवता येतं. जगदेवला एकदम राग आला, कोणाचा ते समजेना. त्यानं दौतीचं झाकण लावलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेला.

त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं, सगळं ऐकून घेतलं. ती भाकर थापत होती आणि थापणं थांबवलं नाही. “डोयाचं निमित असन,” ती म्हणाली, “अन् काम इहिरीचं असन. आता म्हातारपन आलं, वरच्या वावरात पानी नाई. पोथी पोथी करून बलावतीन, अन् चार लोकाईत बसवून मागतीन.” “मागू दे,” जगदेव म्हणाला. “देसान मंग?” जगदेव पोथीचा रुमाल बांधायला लागला. न देण्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, तेच ते सरळ वाक्य. पण ते दादाच्या तोंडावर, पडदा आलेल्या डोळ्यांसमोर म्हणता येईल की नाही, हे त्याला बघायचं होतं. प्रयागबाईनं तव्यावरची भाकर उलटली. “जा तं खरं. नाई गेले तं जलमभर माह्यासमोर बसून तेच ते दोन पानं वाचसान.”

रिसोडकडं जाणाऱ्या मोटारीत त्यानं लाल रुमाल मांडीवर धरला होता. बाहेर जवारी निसवली होती, कपाशीच्या पराटीत बाया वेचणीला वाकलेल्या होत्या. शेजारच्या माणसानं विचारलं, “पोथी का?” “अर्धी,” जगदेव म्हणाला. तो माणूस जरा सरकून बसला. मोटार खड्ड्यातून उसळली की मांडीवर पानं आतल्या आत सरकत, आणि त्याला त्यांपैकी एक पान बोटानं चाचपून ओळखता आलं असतं. त्याचा कोपरा झिजला होता. लढाई संपली आहे, मेलेल्यांना पाणी द्यायला सगळे गंगेवर आले आहेत, आणि म्हातारी आई म्हणते, त्यालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला होता. ज्याला सारथ्याचं पोर म्हणून हिणवलं, चिखलात चाक रुतलं असताना मारलं, तो. वाचणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं. देवळात बसून ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. भावांनाच तेवढं ठाऊक नसतं. या पानाशी जगदेवचा थंडपणा दर खेपेला थोडा कमी पडे, आणि मग तो भरभर पुढं जाई.

उकंडादादाच्या नावाचा इतिहास त्याला आठवला, खरं म्हणजे आठवू दिला. आईची पहिली तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथं झालं तेव्हा सुईण रंगूबाईनं सांगितलं, याला टाकून द्या, म्हणजे राहील. मग त्याला सुपात घालून उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर, ठेवलं. रंगूबाईनं कुणाचं बेवारशी पोर उचलावं तसं उचललं, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतलं. टाकलेलं पोर मृत्यूला नको असतं. म्हणून उकंडा. आई हे सांगायची तेव्हा जगदेव लहानपणी खो खो हसायचा आणि दादाला म्हणायचा, तू आमचा नाहीसच, तू रंगूबाईचा. दादा म्हणायचा, “होय बापा. मी कोंड्याचा, तू सोन्याचा.” आणि त्याला खांद्यावर बसवून ओढ्यावर न्यायचा. हे पान आपल्या वाट्यात नव्हतं, जगदेवच्या मनात आलं. मग त्यानं मोटारीच्या छताकडं बघितलं, कारण असले विचार त्याला शोभत नव्हते.

मनकर्णावहिनीनं दारातच पायावर पाणी घातलं. ती म्हणाली, “पोथी घरात नोका आनू भाऊजी, तशेच देवळात जा. ते तिकडंच हायेत, सकायपासून वाट पाहून राह्यले.” देवळाचं छत दुरुस्त झालं होतं, पुन्हा गळलं होतं. उकंडादादा ओट्यावर घोंगडी टाकून बसला होता, शेजारी दुसरा लाल रुमाल. त्यानं जगदेवच्या दिशेनं तोंड केलं, पण नजर खांद्याच्या जरा बाजूनं गेली. “आला का?” “आलो.” “जाड झाला तू. पायाच्या आवाजावरून समजते.” एवढंच. जगदेव सबंध मोटारभर जे सरळ वाक्य घासूनपुसून आणत होता त्याला कुठं जागाच मिळाली नाही. त्यानं रुमाल सोडला आणि वाचायला सुरुवात केली.

सहा दिवस वाचन चाललं. सकाळी कोवळं ऊन ओट्यावर आलं की बसायचं, ऊन डोक्यावर आलं की उठायचं. सुगीचे दिवस, ऐकायला कोण येतो? दोघंच असत. वाशिमला मनात वाचताना जे नुसते पक्ष होते, ते इथं मोठ्यानं वाचताना माणसं व्हायला लागले. कारण दादा मधेच विचारायचा. आजोबा पडला तेव्हा, “त्याले पानी कोनं देल्लं?” पोरगा चक्रात अडकून मेला तेव्हा, “काका व्हते नं तठी त्याचे? मंग?” जगदेव सांगायचा. इहिरीचा विषय निघाला नाही. पहिल्या दिवशी तो निघेल म्हणून जगदेव ताठ बसला होता. तिसऱ्या दिवशी तो निघावा असं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी ते पान आलं, कोपरा झिजलेलं. त्यानं ते भरभर वाचायचं ठरवलं होतं, पण आवाज आपल्या आपण मंदावला. थोरला होता तुमचा. त्यालाही पाणी द्या. दादानं घोंगडीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाला, “त्याले माईत होतं नं पहिल्यापासून? का हे आपले भाऊ हायेत म्हनून?” जगदेव म्हणाला, “लढाईच्या आधी समजलं होतं त्याले. ते तुह्या वाट्यात हाय.” “हाय. आई त्याले नदीवर भेटते ते. म्हनूनच इचारलं. मले वाटे, पुढं तरी त्यानं त्याईले सांगतलं असन.” “नाई सांगतलं.” “बरं केलं,” दादा म्हणाला. “सांगून देल्लं असतं तं धाकट्याईनं घेतलं नसतं काही.” जगदेवनं पान उलटलं. पुढच्या ओळी त्याला पाठ होत्या, तरी त्या सापडायला वेळ लागला.

सहाव्या दिवशी हिमालय आला, एकेक जण वाटेत पडला, कुत्रं तेवढं शेवटपर्यंत मागं मागं चालत राहिलं, आणि स्वर्गात पोचल्यावर धर्मराजाला आधी दिसला तो शत्रूच, सिंहासनावर आरामात बसलेला. दादा हसला. “बसू दे त्याले बी,” तो म्हणाला. पोथी संपली. चौदा वर्षांनी दोन्ही ढीग एका घोंगडीवर होते, आणि आता प्रश्न असा की पुरं भारत ठेवायचं कुठं. देवळाच्या छतातून आकाशाचा तुकडा दिसत होता. दादा म्हणाला, “माहं मले पाठ झालं, तुह्यं तुले. तेच ते घेऊन काय करता? नवे वाटे करू.” “कर मंग.” “मी कसा करू? डोये गेले माहे. आता तू कर. मी उचलतो.”

जगदेवनं दोन्ही ढीग एकावर एक ठेवून ठोकून सारखे केले. मग अंगठा कडेवरून खाली खाली नेला, आणि अंगठा मधोमध थांबला. त्यानं बघितलंही नव्हतं. दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. रतीभर फरक नसेल. त्याला आश्चर्य वाटलं. कुळवाड्याचा हात, जन्मभर टाक धरला तरी अर्धं कुठं असतं ते विसरत नाही. आणि दादा तर दुरून धुऱ्यावर उभा राहून वावर किती हात आहे ते सांगायचा, मोजणीदार साखळी टाकून तोच आकडा काढायचा. त्या माणसाच्या हातून इहीर चुकून एका बाजूला पडली नव्हती. हे काही नवीन नव्हतं. चूक नव्हती हे जगदेव चौदा वर्षं म्हणतच होता. पारखलं, असं म्हणत होता. तो तसाच अंगठा घालून बसला. दादा तोंड वर करून उन्हात बसला होता, घाई नसल्यासारखा. जगदेवच्या मनात आलं, पुढचं सगळं, दादानं कधी न वाचलेलं, त्याच्याकडं जास्त जावं. मनकर्णावहिनी कोणाला तरी वाचायला बसवील, नाहीतर आपण येऊ. त्यानं अंगठा काढला, वर सरकवला, आणि लढाई सुरू होते त्याच्याही कितीतरी आधी, अगदी पोरं नदीत पोहतात तिथं, पोथी तोडली. एक ढीग चार बोटं, दुसरा वीतभर. दोन ढीग घोंगडीवर ठेवताना त्यांतला फरक दादाला दिसू नये म्हणून तो ते अंगाआड धरत होता, आणि दादाला दिसत नाही हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. मोठा ढीग त्यानं दादाच्या उजव्या हाताशी सरकवला. आपण हे दादाला पारखायला करतो आहोत का, त्यानं स्वतःला विचारलं. कचेरीतल्यासारखं, उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं. नाही. त्यानं घ्यावं एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं. असे वाटे कोणत्या मनानं केले जातात ते जगदेवला वयाच्या अडतिसाव्या वर्षी, स्वतःच्या हातानं केल्यावर कळलं, आणि तो अर्ज, चौदा वर्षं पाठ असलेला, त्याला पहिल्या शब्दापासून आठवेना.

“झाले का वाटे?” दादानं विचारलं. “झाले.” दादानं हात पुढं केले. आधी मोठा ढीग चाचपला, वरून खालपर्यंत, बोटांनी कडा मोजल्यासारख्या. मग दुसरा. मग लहान ढीग उचलून मांडीवर घेतला आणि बापाच्या पटक्याचा अर्धा तुकडा त्याच्यावर गुंडाळायला लागला.

“दादा,” जगदेव म्हणाला, “तो लहान हाय.”

“मले मालूम हाय,” उकंडादादा म्हणाला, आणि गाठ मारली.

मोठा वाटा घोंगडीवर तसाच पडून होता. तो उचलायला जगदेवचा हात बराच वेळ पुढं झाला नाही.